भांडखोर सिक्लिड घरच्या टाकीत: कोण, कोणाबरोबर आणि कोणत्या क्रमाने

दोन फुटी टाकी, तीन बोटभर ऑस्कर, एक पॅरट, दोन ‘शार्क’ आणि काच साफ करायला एक सकर. दुकानातून हे सगळं एकाच दिवशी घरी येतं. पहिले तीन महिने शांततेत जातात. मग एक दिवस पॅरटचा एक डोळा गेलेला दिसतो, पुढच्या महिन्यात शार्क मेलेला सापडतो आणि वर्ष सरता सरता एकटा ऑस्कर उरतो. ‘या जातीचा स्वभावच वाईट’ असं म्हणून लोक विषय संपवतात.

ऑस्कर आणि पॅरट ज्या कुळातले, ते सिक्लिड मासे भांडतात ते जागेसाठी, आणि अंडी घालायची वेळ आली की जास्तच. टाकीत जो आधी शिरतो त्याला ती सगळी आपलीच वाटते. म्हणून भांडणाचा निकाल बराचसा मासे आणण्याआधी लागलेला असतो: टाकी किती लांब, दगड कसे रचलेत, कोण आधी आला आणि कोण नंतर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. मधली एक गाळून पुढे गेलात तर तिथेच अडकाल.

## पायरी १: पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर आणा

दुकानातला मासा दोन इंचांचा असतो. ऑस्कर १० ते १२ इंच होतो. रेड डेव्हिल आणि टेक्सास साधारण फूटभर होतात. जॅक डेम्प्सी आणि ग्रीन टेरर आठ इंचांच्या आसपास थांबतात. कॉन्व्हिक्ट चार-पाच इंचांचाच, पण जोडी जमली की टाकीत दुसऱ्या कोणाला राहू देत नाही. मलावी सरोवरातले एम्बुना, म्हणजे दुकानात ‘आफ्रिकन’ म्हणून मिळणारे रंगीत मासे, चार ते सहा इंचांचे होतात.

एक काम करा. वर्तमानपत्रातून बारा इंच लांब आणि पाच इंच उंच असा माशाचा आकार कापा आणि टाकीत आडवा धरा. दोन फुटी टाकीची रुंदी बहुधा एक फूट असते. नाक एका काचेला आणि शेपटी दुसऱ्या काचेला टेकलेली बघितली की तो मासा वळणार कसा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग तीनपैकी एकच रस्ता निवडा:

- एकटा पाळायचा मासा: फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल.
- एक मोठा मासा आणि मोजके सोबती: ऑस्कर, फार तर जॅक डेम्प्सी.
- एम्बुनांचा घोळका: एकाच सरोवरातल्या दोन-तीन जाती, पंधराएक मासे.

फ्लॉवरहॉर्नला सोबती शोधू नका. ‘एकटा कंटाळतो’ म्हणून मादी किंवा पॅरट आणून सोडण्याचा हट्ट मी खूप घरांत पाहिला. पॅरटचं तोंड मुळातच नीट मिटत नाही, त्यामुळे त्याला धड चावताही येत नाही. फ्लॉवरहॉर्नसमोर तो फक्त मार खातो. तुमच्याकडे बघून काचेशी येणारा, हाताने दिलेला दाणा घेणारा एकटा फ्लॉवरहॉर्न अगदी मजेत असतो.

## पायरी २: टाकीचं माप ठरवा

लांबी आणि रुंदी महत्त्वाची, उंची नाही. मासा पळतो तो आडवा.

हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा, मग २८.३ ने गुणा, लिटर मिळतात. ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी साधारण २५५ लिटरची. दगड-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी त्याहून कमीच. एम्बुनांसाठी हे माप मी कमीत कमी धरतो. एकटा ऑस्कर यात जेमतेम मावतो. ऑस्करला सोबती हवे असतील तर ५ × २ × २, म्हणजे साधारण ५६५ लिटर.

भरलेल्या चार फुटी टाकीचं वजन काच आणि दगड धरून तीनशे किलोच्या वर जातं. स्टँड लोखंडी हवा, भिंतीलगत, चारही पाय टेकलेले. टाकीखाली थर्माकोलचा सलग तक्ता हवाच.

> सावधान: ‘आत्ता छोटी टाकी, मासे वाढले की मोठी’ हा बेत बहुतेक घरांत तसाच राहतो. मोठी टाकी आधी घ्या, मासे नंतर.

## पायरी ३: दगड आधी, वाळू नंतर

इथे सर्रास उलटं होतं. लोक आधी वाळू पसरतात आणि वर दगड रचतात. सिक्लिड वाळू उकरतो. तोंडाने घास भरतो, फूटभर लांब नेऊन थुंकतो आणि दिवसभर हेच करत राहतो. दगडाखालची वाळू गेली की अख्खी रास कलते. खाली मासा चेंगरतो किंवा काच जाते.

बरोबर क्रम असा: तळाच्या काचेवर थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ तुकडा, त्यावर दगड घट्ट बसवून, आणि मग दगडांभोवती धुतलेली वाळू, दीड-दोन इंच. रास रचून झाली की बोटाने ढकलून बघा. हलली तर पुन्हा रचा.

आपल्याकडचा काळा बेसाल्ट उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. दगडाची शंका असेल तर वर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. असा दगड ऑस्करच्या टाकीत नको. एम्बुनांना कठीण पाणी आवडतं, त्यांच्याकडे चालतो.

रचनेचा हेतू एकच: एका माशाला दुसरा दिसू नये. मधोमध एकच डोंगर रचलात तर तो एका नराचा किल्ला होतो. चार फुटांत दोन किंवा तीन वेगळ्या राशी करा, मधे मोकळी जागा ठेवा, आणि प्रत्येक कपारीला दोन तोंडं ठेवा. एकाच तोंडाच्या कपारीत शिरलेला मासा कोंडला जातो आणि मारणारा दाराशी उभा राहतो.

> तपासा: टाकीच्या एका टोकाला डोळा लावा. दुसरं टोक सरळ दिसत असेल तर आडोसा कमी पडतोय.

## पायरी ४: पाणी तयार होऊ द्या, चार ते सहा आठवडे

‘पाणी दोन दिवस मुरवलं’ म्हणजे टाकी तयार झाली, असं नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढतात आणि त्याला वेळ लागतो.

फिल्टर सुरू करा. पाण्यात क्लोरीन असेल तर आधी अँटिक्लोरीन घाला. मग रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरात ठेवा. काम बरंच लवकर होतं. थेंबांचं टेस्ट किट विकत घ्या. त्याशिवाय हे सगळं अंदाजावर चालतं.

एम्बुनांच्या बाबतीत ही पायरी दुप्पट महत्त्वाची आहे. ‘मासे दोन-दोन करून हळूहळू वाढवा’ हा सल्ला एरवी बरोबर, पण इथे घातक. आधी आलेले दोघं सगळी टाकी वाटून घेतात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला झोडपतात. म्हणून एम्बुना सगळे एकाच दिवशी सोडायचे असतात, आणि वीस माशांचा भार पहिल्या दिवसापासून पेलणारा फिल्टर तयार हवा. त्यांच्या टाकीचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. कच्च्या टाकीत वीस एम्बुना सोडले तर भांडणाआधीच अमोनिया त्यांना मारतो.

> तपासा: सलग तीन दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट दिसतंय. मगच पुढे. आदल्या दिवशी निम्मं पाणी बदला.

तापमान २५ ते २७ अंश ठेवा. मुंबईत हीटर क्वचितच लागतो, पुण्या-नाशिकच्या थंडीत लागतो. ऑस्करच्या टाकीत हीटरला जाळीचं आवरण घाला. तो शेपटीच्या फटक्याने हीटरची काच फोडतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी ३२ च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी होतो, झाकण उचलून पाण्यावर पंखा सोडा. कोमट पाण्यात सिक्लिड जास्त आक्रमक होतात, हेही ध्यानात असू द्या.

## पायरी ५: सोबती निवडा

तीन कसोट्या लावा. तोंडात मावणारा नको. त्याच रंगाचा आणि त्याच बांध्याचा नको, कारण सिक्लिड आपल्यासारख्या दिसणाऱ्यालाच आधी प्रतिस्पर्धी समजतो. आणि पाणी व खाणं जुळत नसेल तर नकोच.

ऑस्करबरोबर: सहा सिल्व्हर डॉलर, किंवा एक-दोन सेव्हरम, तेही पाच फुटी टाकीत. सिल्व्हर डॉलर उंच, चपटे आणि चपळ असतात. ऑस्कर त्यांच्या मागे लागून थकतो आणि नाद सोडतो. सकर हवा असेल तर चार-पाच इंचांच्या पुढचाच. छोटा सकर ऑस्करच्या घशात काटे ताठ करून अडकतो आणि दोघंही मरतात. मोठा सकर फूटभराच्या वर जातो, त्याची जागाही हिशेबात धरा.

गोल्डफिश नको, ना सोबती म्हणून ना खाद्य म्हणून. त्याला थंड पाणी लागतं, आणि त्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं थायमिनेज असतं. ‘शार्क’ म्हणून मिळणारा चंदेरी मासा हा खरं तर पंगस, खाण्यासाठी पाळतात तोच. तो मीटरभर वाढू शकतो आणि घाबरला की काचेवर नाक आपटून घेतो. एंजल, गप्पी, टेट्रा यांचा विचारच नको.

एम्बुनांबरोबर: एम्बुनाच. तीन सौम्य जाती घ्या: यलो लॅब, रस्टी आणि असेई. पिवळा, जांभळट-तपकिरी आणि निळसर असे तीन वेगळे रंग झाले, म्हणजे एकमेकांवरचा राग कमी. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येक जातीची सात पिल्लं आणा आणि मोठी होताना जादा नर काढत जा. एकवीसपासून सुरू करून पंधरावर याल. तळाला तीन-चार सायनोडोंटिस कॅटफिश चालतात. मासे जरा दाटीने ठेवले की नराला एकाचाच पिच्छा पुरवता येत नाही, मार वाटला जातो. पण मग फिल्टरही टाकीच्या मानाने दुप्पट ताकदीचा हवा.

> सावधान: ‘मिक्स आफ्रिकन’ची पिशवी घेऊ नका. जात माहीत नसेल तर तो मासा घेऊच नका, दुकानदार कितीही खात्री देवो.

हे मी स्वतः भोगलं आहे. पहिल्या आफ्रिकन टाकीसाठी मी आठ पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे आणले होते, ‘शांत जात आहे’ असं सांगून दिलेले. ते ऑराटस निघाले, एम्बुनांतली फार भांडखोर जात. पाच महिन्यांनी त्यातल्या एकाचा पिवळा रंग मळका दिसू लागला. आजारी असेल म्हणून मी मीठ घातलं. आठवड्याभरात तो पोटापासून काळा झाला आणि पट्टे फिकट निळे झाले. तो नर होता, आणि वयात आला होता. पंधरा दिवसांत पाच मासे गेले, सगळे रात्रीतून, सगळ्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या. केन्यी या एम्बुनाचंही असंच: पिल्लं निळी, नर मोठा झाला की पिवळा, आणि मग टाकीतले यलो लॅब त्याला शत्रू वाटू लागतात. पिल्लाचा रंग बघून मासा घ्यायचा नाही, जातीचं नाव विचारून घ्यायचा.

## पायरी ६: सोडण्याचा क्रम

नवे मासे आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. चालू टाकीतला स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपाचे तुकडे एवढं पुरे.

ऑस्करच्या टाकीत सोबती आधी, ऑस्कर शेवटी. सिल्व्हर डॉलर तीन आठवडे रुळू द्या, मग सहाएक इंचांचा ऑस्कर सोडा. एम्बुनांत तिन्ही जाती एकत्र, एकाच संध्याकाळी, सगळे साधारण एकाच मापाचे.

1. टाकीचा दिवा बंद करा, खोलीतला मंद ठेवा.
2. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या.
3. मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि बारीक नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी पाऊण तास सोडा.
4. मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. बादलीतलं पाणी मोरीत ओता.
5. दिवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लावू नका. त्या रात्री खायला घालू नका.

आधीच मासे असलेल्या टाकीत भर घालायची असेल तर सगळे दगड बाहेर काढून नव्याने रचा, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. एकटा नवा मासा कधीही सोडू नका. एका वेळी चार-पाच, जुन्यांच्या मापाचे किंवा थोडे मोठे. सगळ्यात दांडगा नर आधी पाच-सात दिवस दुसऱ्या टाकीत हलवा आणि नवे रुळले की त्याला परत सोडा. परत येताना तोच पाहुणा असतो.

## पायरी ७: पहिले दहा दिवस बघत बसा

रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं टाकीसमोर हालचाल न करता बसा. तुम्ही जवळ गेलात की मासे भांडण सोडून खाणं मागायला येतात आणि खरं काय चाललंय ते कळत नाही.

कल्ले फुगवणं, अंग आडवं करून थरथरणं, शेपटीने पाणी ढकलणं, क्षणभर ओठाला ओठ भिडवणं, हात-दीड हात पाठलाग करून मागे फिरणं: हे चालायचंच. यातूनच कोण वरचढ हे ठरतं.

काळजीचं वेगळं दिसतं. एकच मासा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाकलला जातो. तो पाण्याच्या वरच्या थरात, कोपऱ्यात, फिल्टरच्या पाइपामागे तिरका उभा राहतो. परांच्या कडा झिजल्यात, शेपूट मिटलेली, रंग काळवंडलेला. खाद्य पडलं तरी बाहेर येत नाही.

> नियम: सलग दोन वेळा खायला न आलेला मासा त्याच दिवशी वेगळा काढा. ‘उद्या बघू’ म्हटलेला मासा सकाळी तळाशी सापडतो.

याला एक अपवाद आहे. एम्बुनाची मादी अंडी तोंडात वागवते, साधारण तीन आठवडे, आणि तेवढे दिवस खात नाही. तिची हनुवटी खाली फुगलेली असते आणि ती सारखी काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलवते. तिला उगाच जाळी लावली तर ती अंडी थुंकते.

## पायरी ८: मार थांबत नसेल तर

भाजी धुवायची भोकांची प्लास्टिकची टोपली दोरीने टाकीच्या कडेला अडकवा. जखमी मासा त्यात, वरून झाकण. पाणी तेच राहतं, धक्का बसत नाही. आठवडाभरात परांच्या कडा पांढुरक्या होऊन भरू लागतात.

मग बघा: मारणारा गप्प बसला का, की त्याने नवा बकरा शोधला? गप्प बसला तर दगड हलवून, दिवे बंद करून जखमी परत सोडा. नवा शोधला तर दोष मार खाणाऱ्याचा नव्हता. मारणाऱ्यालाच टोपलीत घाला, आणि आठवड्याने सोडल्यावरही तेच केलं तर तो त्या टाकीतून कायमचा जाईल. देखणा आहे म्हणून एका नरापायी दहा मासे घालवू नका.

कॉन्व्हिक्ट किंवा जॅक डेम्प्सीच्या जोडीने सपाट दगडावर अंडी घातली की बाकीचे सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात. ही आई-बापाची राखण आहे. आपल्या खाडीतला काळुंदरही सिक्लिडच, आणि तोही अंडी अशीच राखतो. टाकीच्या मधे जाळीदार पडदा घालून जोडीला एक बाजू द्या, किंवा बाकीचे हलवा. तिसरा मार्ग नाही.

## पायरी ९: खाणं आणि दर आठवड्याचं पाणी

एम्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. त्यांना स्पिरुलिनाचे दाणे दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपतील इतकेच. ब्लडवर्म आणि मांस दिलं की पोट फुगून मरतात. ऑस्करला मोठे पेलेट, कधीतरी सोललेली कोळंबी. खाद्य नेहमी टाकीच्या दोन टोकांना टाका, म्हणजे एकच दांडगा मासा सगळं अडवून बसत नाही. भुकेने भांडणं वाढतात म्हणून जास्त घालणारे आहेत. त्याने पाणी बिघडतं, भांडणं तशीच राहतात.

ऑस्करच्या टाकीत आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, एम्बुनांच्या दाटीत ४० टक्के. नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) वर जाऊ देऊ नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच पिळा. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप भरून ठेवा. दाटीच्या टाकीत दोन तासांत मासे वर येऊन धापा टाकतात.

एम्बुना रुळले की पिल्लं होतात, आणि जादा नर तर काढावेच लागतात. मासे विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, वाढलेले परत घेणार का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. जादा मासा विहिरीत, तलावात किंवा नदीत सोडायचा नाही, विसर्जनाच्या पाण्यातही नाही. टाकीतून सुटलेला सकर आज देशातल्या अनेक नद्यांत वाढतोय आणि कोळ्यांची जाळी फाडतोय. परत द्यायची सोय झाली नाही, तर जादा नरासाठी ती तीन आठवड्यांची छोटी टाकी चालू ठेवा.